जुन्या मोटारसायकलीची पुंगळी: आवाज वाढतो, ताकद घटते

बिदर आणि कलबुर्गी या सीमावर्ती जिल्ह्यांतील भालकी, बसवकल्याण, आळंद या भागांत जुनी जावा, येझदी किंवा बुलेट जिवापाड जपणारे हौशी आजही आढळतात. जुनी गाडी हाती आली की अनेकांचे पहिले लक्ष सायलेन्सरकडे जाते. आतली पुंगळी काढली, नळी कापली की आवाज घुमतो आणि गाडी अधिक ताकदीने पळते, असा समज आहे. जावा-येझदीच्या बाबतीत तो बहुतांशी चुकीचा आहे.

मैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात १९६१ ते १९९६ या काळात तयार झालेल्या २५० सीसीच्या या गाड्यांचे इंजिन टू-स्ट्रोक आहे. अशा इंजिनात जळालेला वायू बाहेर पडत असतानाच पेट्रोल व हवेचे ताजे मिश्रण आत येते आणि त्यातील काही भाग धुराबरोबर निसटतो. धुराच्या नळीत उठणारी दाबाची लहर पुढच्या अडथळ्यावर आदळून परतते. ती योग्य क्षणी परतली, तर निसटणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलले जाते. नळीची लांबी आणि आकार म्हणूनच इंजिनाचा भाग ठरतात. पूर्व जर्मनीतील एमझेड कंपनीचे अभियंते वॉल्टर काडेन यांनी याच तत्त्वावर १९५०च्या दशकात शर्यतीच्या छोट्या इंजिनांतून आश्चर्यकारक शक्ती मिळवली. मात्र त्यामागे मोजमाप होते, अंदाजाने चालवलेली करवत नव्हती. मनमानी कापकूप केल्यास लहरीची वेळ चुकते, पेट्रोल वाया जाते आणि कमी वेगावरची ओढ घटते.

बुलेटचे इंजिन फोर-स्ट्रोक असल्याने तिथे परिणाम वेगळा होतो. मोकळ्या सायलेन्सरमुळे हवा-पेट्रोलचे प्रमाण बिघडू शकते. कार्बोरेटरचे जेट त्यानुसार बदलले नाहीत, तर इंजिन अधिक तापते आणि ॲक्सिलरेटर सोडताच फटाके वाजतात. हौशी मंडळींना कौतुक वाटणारा हा आवाज अनेकदा बिघाडाची खूण असतो.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेशी विसंगत बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९च्या निकालात हेच स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही होऊ शकते. ध्वनी व वायुप्रदूषणाच्या मानकांचा भंग झाल्यास कलम १९०नुसार १० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्हींची तरतूद असून चालकाचा परवानाही तीन महिन्यांसाठी अपात्र ठरतो. कायदा केंद्राचा असल्याने बिदरची गाडी उदगीरला गेली काय किंवा गोव्यात आली काय, नियम तोच लागू होतो.

मग करावे काय?

जावा-येझदीची ओढ कमी झाली असेल, तर आधी सायलेन्सर साफ करावा. पेट्रोलमधील ऑइलमुळे आत काजळी साचते आणि वाट अरुंद होते. पुंगळी काढून ती खरवडावी, पुन्हा जागच्या जागी बसवावी आणि ऑइलचे प्रमाण तपासावे. सायलेन्सर गंजून गेला असेल, तर मूळ मापाचाच नवा घ्यावा. दहा डेसिबलची वाढ म्हणजे ध्वनीच्या तीव्रतेत दहापट वाढ, हेही ध्यानात असावे. ज्या गावातून आपण पाच सेकंदांत निघून जातो, तिथे आजारी माणूस आणि झोपलेले मूलही असते.