फाइल न चालवता तिचा प्रोसेसर ओळखा

एखादी एक्सई फाइल उघडल्यावर ‘ही तुमच्या विंडोजशी जुळत नाही’ अशा अर्थाचा संदेश आला, की आपण ती पुन्हा डाउनलोड करतो. पण बऱ्याचदा फाइल ६४ बिटची असते आणि विंडोज ३२ बिटची. ६४ बिटच्या प्रोग्रामला ३२ बिटची डीएलएल दिली, तरी काम अडतंच. मग चालवून बघायचं का? अनोळखी फाइल असेल तर मुळीच नाही. उत्तर फाइलच्या पोटातच लिहिलेलं असतं. पायथनची छोटी स्क्रिप्ट ते वाचू शकते.

१. फाइल बायनरी मोडमध्ये, फक्त वाचण्यासाठी उघडा. पहिले दोन बाइट ‘एमझेड’ हवेत. ही मार्क झ्बिकोव्स्की या एमएस-डॉसच्या प्रोग्रामरची आद्याक्षरं.

२. शून्यापासून मोजून ६०व्या बाइटवर जा आणि चार बाइट वाचा. खरं हेडर कुठे आहे, तो पत्ता इथे मिळतो. बाइट उलट्या क्रमाने, म्हणजे लिटल एंडियन पद्धतीने, लिहिलेले असतात.

३. त्या पत्त्यावर ‘पीई’ ही अक्षरं आणि दोन शून्य बाइट आहेत का, ते तपासा. नसतील तर थांबा.

४. लगेच पुढचे दोन बाइट त्याच पद्धतीने वाचा. आकडा ३३२ आला तर ३२ बिट इंटेल, ३४४०४ आला तर ६४ बिट इंटेल किंवा एएमडी, ४३६२० आला तर ६४ बिट एआरएम.

हेच लूपमध्ये घाला, की अख्खा फोल्डर तपासून होतो.

आता दोन सावधगिऱ्या. सेटअप फाइल ३२ बिटची असून आतला प्रोग्राम ६४ बिटचा असू शकतो, म्हणून इन्स्टॉल झालेली फाइल तपासा. आणि डॉट नेटचा ‘एनी सीपीयू’ प्रोग्राम ३३२ दाखवूनही ६४ बिटमध्ये चालू शकतो. तिथे एवढ्यावर निकाल देऊ नका.

सरावासाठी इंटेल किंवा एएमडीच्या ६४ बिट विंडोजवर ‘सिस्टम३२’मधली सीएमडी तपासा: ३४४०४. ‘सिसवाव६४’मधली तपासा: ३३२. हो, नावं उलटी वाटतात, पण तसंच आहे! दोन्हीकडे ३३२ आलं, तर तुमचं पायथनच ३२ बिटचं आहे. अशा वेळी विंडोज त्याला गुपचूप दुसऱ्या फोल्डरकडे वळवते. म्हणून फाइलवर संशय घेण्याआधी पायथन तपासा.