‘लागलं’ची मोजदाद

बोअरची गाडी शेतात आली की त्या रात्री घरातलं कुणी झोपत नाही. पाणाड्यानं दाखवलेल्या जागेवर नारळ फुटलेला असतो, हळदकुंकू वाहिलेलं असतं. कंप्रेसरचा आवाज शिवाराच्या पार पोचतो. एकामागून एक रॉड खाली उतरतो आणि वर येते ती करड्या काळ्या दगडाची कोरडी धूळ. शंभर फूट, दोनशे फूट, तीनशे फूट. हिशेब फुटावर, त्यामुळे प्रत्येक रॉडबरोबर घरधन्याच्या मनातला आकडाही वाढत जातो. मग कधीतरी धूळ जड होते, ओल येते, चिखल उडतो, आणि अंधारातून कुणीतरी ओरडतं, ‘लागलं!’

काय लागलं, हे धाराशिव जिल्ह्यात कुणी विचारत नाही.

मला त्या एका शब्दाविषयी बोलायचं आहे. जगात सगळ्यात जास्त अर्थांचा शब्द कोणता, असा प्रश्न निघाला की उत्तर बहुतेक वेळा इंग्रजीतून येतं. तीन अक्षरांचा ‘सेट’. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये २० खंडांत निघाली, तिच्यात ‘सेट’ या क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदले होते. ते समजावून सांगायला सुमारे ६०,००० शब्द खर्ची पडले. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या १८५७ च्या आवृत्तीत एकूण नोंदीच सुमारे ६०,००० आहेत. म्हणजे आपल्याकडे एका अख्ख्या भाषेचा जेवढा साठा एका ग्रंथात बांधला गेला, तेवढे शब्द तिथे एका ‘सेट’ची फोड करण्यात गेले.

पुढे हा मान ‘रन’कडे गेला. ऑक्सफर्डच्या नव्या आवृत्तीत ‘रन’ या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ आहेत. पीटर गिलिव्हर या कोशकारानं त्या एका शब्दावर नऊ महिने काम केलं. नऊ महिने एक माणूस रोज सकाळी उठून त्याच तीन अक्षरांसमोर बसत होता, ही गोष्ट मला एखाद्या तपश्चर्येसारखी वाटते.

‘सेट’ आपल्याकडेही आला, पण हातात चार-दोन अर्थ घेऊनच आला. दिवाणखान्यात सोफासेट, लग्नात दागिन्यांचा सेट, पोरांच्या तोंडी ‘सगळं सेट झालं’, आणि विहिरीवर पंपसेट. आपल्या शेताला उपयोगी पडला तो एवढाच.

पण आपलं स्वतःचं ‘लागणे’ घ्या. संस्कृत ‘लग्’ धातूपासून, प्राकृतातून ते मराठीत आलं. मूळ अर्थ चिकटणं, जोडलं जाणं. ‘लग्न’ हा शब्द त्याच धातूचा, त्यामुळे ‘लग्न लागलं’ म्हणताना आपण एकच धातू दोनदा उच्चारतो. मी एकदा धाराशिवच्या बसस्थानकावर तुळजापूरच्या बसची वाट पाहत वहीत या शब्दाचे अर्थ टिपायला बसलो, ते बस सुटेपर्यंत थांबताच येईना. बस फलाटाला लागली. बसायला जागा मिळायला वेळ लागला. शेजारच्या बाईंना बस लागते, म्हणून त्यांनी लिंबू हातात धरलं होतं. मागच्या पोराचा डोळा लागला. एकाचा फोन लागत नव्हता. दुसऱ्याला लागला, तर पलीकडून कळलं की सातबाऱ्यावर अजून वारसांचं नाव लागलेलं नाही. पुढे सोलापूरला जाणाऱ्यांसाठी तुळजापूर वाटेत लागतं. कंडक्टर कुणाचा तरी मावसभाऊ लागत होता.

घरी आलो तरी तेच. दिवा लागतो, दार लागतं, भूक लागते, भाजीला कीड लागते, शेवग्याला शेंगा लागतात, लावलेलं कलम लागतं. गूळ गोड लागतो. पायाला ठेच लागते, बोलणं मनाला लागतं. निकाल लागतो, नोकरी लागते, दृष्ट लागते, ग्रहण लागतं, श्रावण लागतो, पावसाची झड लागते. गवयाचा सूर लागतो, साधकाची समाधी लागते, हरवलेल्याचा पत्ता लागतो. भूमकडे खव्याच्या भट्टीवर दूध उकळत असताना माणूस उलथनं थांबवत नाही, कारण हात क्षणभर थांबला तर दूध कढईला लागतं, आणि लागलेल्या दुधाचा वास सगळ्या घाण्याला येतो. मग ‘जावं लागतं’मधली सक्ती, ‘पडू लागला’मधली सुरुवात. आमच्या मराठवाड्यात तर ‘काय करूलालास?’ असं विचारतात. त्यातला ‘लागलास’ इतका वापरला गेला की झिजून ‘लालास’ झाला. रोज हाताळल्या जाणाऱ्या नाण्यावरचा छाप पुसट व्हावा, तसं.

अगदी जवळजवळचे अर्थ एकात घातले, नुसत्या वाक्प्रचारांना बाजूला काढलं, तरी माझ्या वहीत ४० वेगळे अर्थ उरले. कोशकार बसला तर आणखी निघतील. ‘सेट’च्या ४३० पुढे ४० म्हणजे थोडे वाटतात. पण हे क्रियापद एकदा बोलून थांबत नाही, आणि आकड्यांची खरी गंमत तिथून पुढे आहे.

एक वाक्य पाहा. तुळजापूरच्या बसस्थानकावर कुठलाही तरुण ते बोलून जाईल: ‘निकाल लागला, पण नोकरी लागेपर्यंत दोन वर्षं लागली. इकडं बोअरला पाणी लागलं नाही, म्हणून रोजगाराच्या कामाला लागावं लागलं, ते मनाला लागलं.’ सात वेळा ‘लागणे’, आणि सातही वेळा अर्थ निराळा.

आता समजा, ऐकणाऱ्याकडे फक्त अर्थांची यादी आहे, दुसरं काही नाही. पहिल्या ‘लागणे’ला ४० शक्यता. दोन मिळून १,६००. तीन मिळून ६४,०००. चौथ्याला २५,६०,०००. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १६,५७,५७६ होती. म्हणजे चौथ्या ‘लागणे’पाशीच जिल्ह्यातल्या प्रत्येक माणसाला, तान्ह्या बाळासकट, एकेक वेगळा अर्थ वाटून देता येईल आणि तरी नऊ लाख उरतील. पाचव्याला आकडा १० कोटी २४ लाख होतो. त्याच जनगणनेतली सगळ्या महाराष्ट्राची लोकसंख्या सव्वाअकरा कोटींच्या आत होती. सहाव्याला ४०९ कोटी ६० लाख. सातव्याला १६,३८४ कोटी.

सेकंदाला एक या वेगानं, न झोपता, न जेवता एवढे अर्थ तपासायचे म्हटले तर ५,१९० वर्षांहून जास्त काळ जाईल. तेरणेच्या काठी असलेलं आपलं तेर, म्हणजे जुनं तगर, इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक व्यापाऱ्याच्या ‘पेरिप्लस’मध्ये नोंदलं गेलं. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवरची मोठी बाजारपेठ, असं. तेव्हाच्या तगरमधल्या एखाद्या माणसानं हे काम हाती घेतलं असतं आणि पिढ्यान्‌पिढ्या चालवलं असतं, तरी आज ते निम्म्यावरसुद्धा आलं नसतं.

आणि बसस्थानकावरची म्हातारी तेच वाक्य ऐकते आणि लगेच म्हणते, ‘व्हईल बाबा, व्हईल.’

तिनं १६,३८४ कोटींतला एक अर्थ निवडला आणि त्या पोराच्या दुःखापर्यंत पोचलीसुद्धा. यातल्या बहुतेक शक्यता निरर्थक असतात, हे खरं. निकालाला कीड लागत नाही. शेजारचा शब्द बाकीची दारं बंद करतो, विभक्ती आणखी काही बंद करते. ‘बसला आग लागली’ आणि ‘बाईंना बस लागली’ यांत काय झालं, ते ‘ला’ आणि ‘ना’ कुठे आहेत यावरून कळतं. लहान मूल हे कुणी न शिकवता शिकतं. तीन वर्षांचं पोर ‘भूक लागली’ आणि ‘पायाला लागलं’ यांत कधी घोटाळा करत नाही.

पण काही ठिकाणी शेजारचा शब्दही पुरत नाही. ‘पाणी लागलं’ घ्या. गार पाणी दाताला लागलं. परगावचं पाणी लागलं, म्हणजे बाधलं. आंघोळीला दोन बादल्या पाणी लागलं. माठातलं पाणी गोड लागलं. उसाला पाणी लागलं. बोअरला पाणी लागलं. हेच दोन शब्द, आधीमागे काही न सांगता, अचानक कानावर आले, तर कोणता अर्थ आधी जागा होतो?

ऑक्सफर्डच्या कोशात अर्थांचा क्रम इतिहासानं ठरतो. जो अर्थ सगळ्यात आधी लिहिलेला सापडला, तो पहिला. माणसाच्या मनातल्या कोशाचा क्रम मात्र तो जिथं राहतो ती जमीन ठरवते. कोकणातल्या पावसाळ्यात वाढलेल्या माणसाच्या मनात पहिला अर्थ कोणता येईल, ते मी सांगू शकत नाही. धाराशिवच्या माणसाचा मला माहीत आहे. इथे बेसाल्टचे थरावर थर आहेत, आणि पाणी आहे ते त्या दगडाच्या भेगांत. भेग सापडली तर दोन इंच पाणी लागतं. नाही सापडली तर हातभर शेजारच्या दगडातून रॉड नुसता खाली जात राहतो. इथल्या मनात अर्थ क्रमांक एक, दोन आणि तीन, तिन्ही जागी तीच बोअर उभी असते.

म्हणून रात्री ‘लागलं!’ अशी हाक आली की खाटेवर पडलेला आजारी माणूससुद्धा उठून बसतो.

आणि हाक नाही आली तर? गेल्या उन्हाळ्यात मी अशाच एका बांधावर उभा होतो. चारशे फूट झाले होते. धूळ तशीच, कोरडी. गाडीवाल्यानं मशीन थांबवून विचारलं, अजून जायचं का. घरधनी काही बोलेना. त्याची आई पदर सावरत पुढे आली आणि म्हणाली, ‘जाऊ द्या अजून पन्नास. लागंल.’