समेट झाला, पण अटी कोणाच्या?

"वकीलसाहेब, आमचं आपसात झालं. केस मांगं घ्या." अकोल्याचे कोर्ट असो की अमरावतीचे, अॅट्रॉसिटीची फिर्याद दाखल झाल्यावर दोन-चार महिन्यांत हे वाक्य आमच्या कानावर येतेच. आपसात म्हणजे कसे, असे आम्ही विचारतो, तेव्हा हळूहळू कळते. शेतावर मजुरीला बोलावणे बंद झाले, दुकानदार उधारी देईना, पोरावर उलट गुन्हा दाखल झाला. मग गावातली चार शहाणी माणसे घरी आली, शांततेच्या गोष्टी बोलली आणि कागदावर सही घेऊन गेली. गावात शांतता नांदली ती अशी!

असा कागद तपासायचा तर कायद्याबरोबर इतिहासही वाचावा लागतो. आमच्या समाजाचा सर्वांत मोठा समेट २४ सप्टेंबर १९३२ रोजी येरवड्यात झाला. ऑगस्टमधल्या जातीय निवाड्याने अस्पृश्यांना स्वतंत्र मतदारसंघ दिले होते, शिवाय सर्वसाधारण मतदारसंघात दुसरे मतही. गांधीजींनी २० सप्टेंबरला प्राणांतिक उपोषण सुरू केले आणि चार दिवसांत दोन्ही हक्क गेले. बदल्यात प्रांतिक कायदेमंडळांत १४८ राखीव जागा मिळाल्या, त्यांपैकी २० मध्यप्रांत-वऱ्हाडात. आकडा मोठा दिसतो. पण त्या जागांवर कोण बसणार, हे अखेर सवर्णांच्या बहुसंख्य मतांनी ठरणार होते.

१८७२ चा करार कायदा दबावाखाली दिलेली संमती खरी मानत नाही. आत्महत्येची धमकी हा दबाव ठरतो का, हा प्रश्न मद्रास हायकोर्टापुढे १९१७ सालीच आला होता. नवऱ्याने जीव देण्याची धमकी देऊन बायको-मुलाकडून मिळकतीचा हक्क सोडल्याचा दस्त करून घेतला होता. न्यायाधीशांच्या बहुमताने तो दबावच ठरवला. पुणे करार राजकीय होता, त्याला हे कलम जसेच्या तसे लागत नाही, हे आम्ही जाणतो. पण गांधीजींचे काही बरेवाईट झाले असते तर गावोगावच्या एकाकी वस्त्यांवर काय ओढवले असते? बॅरिस्टर असलेल्या बाबासाहेबांना सही करताना ते दिसत होते.

याच बाबासाहेबांनी १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावतीत परिषदेचे अध्यक्षपद भूषवले होते. अंबादेवी मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह विश्वस्तांना मुदत देण्यासाठी पुढे ढकलला गेला. माघार तीही म्हणता येईल. पण तिथे मुदत देणारे आपण होतो. मुदत संपल्यावर सत्याग्रह आपल्याच हातात होता. येरवड्यात हातात काही उरले नव्हते. दोन्हींना एकच 'तडजोड' शब्द लावणाऱ्या विद्वानांनी हा फरक कधी पाहिलेला नाही.

अॅट्रॉसिटीचा गुन्हा कायद्याने आपसात मिटवता येत नाही. तरी २०२१ साली रामावतार खटल्यात सुप्रीम कोर्टाने आपल्या विशेष अधिकारात एक प्रकरण तडजोडीवर रद्द केले. मात्र पीडिताची संमती भीतीपोटी किंवा दबावातून आलेली नाही ना, हे न्यायालयांनी काळजीपूर्वक पाहावे, असेही बजावले. ते पाहायला कोर्ट गावात येत नाही. म्हणून आम्हीच विचारतो : बोलणी कोणाच्या ओसरीवर झाली? मजुरी पुन्हा सुरू झाली का? उलट तक्रारीचे काय ठरले?

हे प्रश्न ऐकून एका म्हाताऱ्या मावशीने टेबलावरचा कागद उचलला, घडी करून पदरात बांधला आणि म्हणाली, "आंधी पोरावरची केस काढाले सांगा त्याइले. मंग पाहू सहीचं."