सही करण्याआधी

वरूड-मोर्शीच्या रस्त्यानं पहाटे सैन्यभरतीसाठी धावणाऱ्या पोरांना विचारा, आकडा तोंडपाठ असतो: १.६ किलोमीटर, साडेपाच मिनिटं, पूर्ण ६० गुण. पोरगं वर्षभर घाम गाळतं. मायबापाची तयारी मात्र निकाल लागल्यावर, बॅग भरताना सुरू होते. तोवर फार उशीर झालेला असतो.

अग्निवीर होता येतं साडेसतराव्या वर्षापासून. अठरा पूर्ण नसतील तर भरतीच्या फॉर्मवर आईवडिलांची सही लागते. त्या सहीआधी अटी घरात मोठ्यानं वाचा. नोकरी चार वर्षांची, प्रशिक्षण त्यातच. पहिल्या वर्षी महिना ३०,०००, त्यातले ९,००० सेवा निधीत, हाती २१,०००. शेवटी सेवा निधीचे दहा लाखांहून जास्त मिळतात, पेन्शन नाही. कायम होणार जास्तीत जास्त २५ टक्के. अपवाद सोडले तर मधेच मर्जीनं सोडता येत नाही. म्हणून त्याच्या पगाराच्या भरवशावर संत्र्याच्या बागेसाठी नवं कर्ज काढू नका. बाविशीत तो परत आला, तर पुढच्या शिक्षणाला तोच पैसा लागेल.

आता प्रशिक्षण. कामठीचं गार्ड्सचं केंद्र असो, बेळगावचं मराठा लाइट इन्फंट्रीचं की सागरचं महार रेजिमेंटचं, मोबाइल मनासारखा हाती राहत नाही. चार दिवस फोन नाही आला म्हणजे काही वाईट घडलं, असं नाही. आणि आला, की आई विचारते, “जेवलास का रे बापू?” तो हो म्हणतो. तिथंच थांबू नका. पाय कसे आहेत, ते विचारा. नव्या बुटांनी फोड येतात, सततच्या धावण्यानं नडगीचं हाड दुखतं. पोरं ते लपवतात, कारण आजारी पडून दिवस बुडाले तर मागच्या बॅचमध्ये टाकतात. दुखणं अंगावर काढून हाड मोडण्यापेक्षा बॅच मागे पडलेली बरी, हे त्याला घरूनच ऐकू यायला हवं. वडिलांच्या तोंडून आलं तर फारच चांगलं.

कपडे धुणं, बटण टाकणं, हिंदीत धड बोलणं हे सारं जाण्याआधी घरीच व्हावं. आईनं पोराच्या हातून बालदी ओढून घेऊ नये.

सहा-सात महिन्यांनी कसम परेड, म्हणजे शपथेचं संचलन, होते. अनेक केंद्रांत तेव्हा आईवडिलांना गौरव पदक देतात. दोघंही जा. तेवढे दिवस बागेला पाणी कोण देणार, ते शेजाऱ्याशी आधीच बोलून ठेवा.