माहेरी जाताना फाईल विसरू नका

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्या घरांतली जुनी रीत. रोह्याच्या सासरहून मुलगी पेणला अम्मीकडे येते. मेवा, डिंकाचे लाडू, बाळाचे कपडे सगळे आठवणीने येते. तपासणीची फाईल मात्र कधीकधी मागेच राहते. त्या फायलीत प्लेटलेटचा आकडा असतो. तो घरातल्यांनी वाचावा, एवढ्यासाठी हे लिहीत आहोत.

प्लेटलेट म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी. एका मायक्रोलिटर रक्तात त्या साधारण १.५ ते ४.५ लाख असतात. गरोदरपणात शंभरातल्या सात ते दहा बायकांत त्या दीड लाखाखाली जातात. बहुतेकींचा आकडा एक लाखाच्या वरच राहतो आणि बाळंतपणानंतर आपोआप सुधारतो. तेव्हा १.२ लाख पाहून घाबरून जाऊ नये. डॉक्टर सांगतील तेव्हा पुन्हा तपासावे.

आकडा एक लाखाखाली गेला किंवा भराभर उतरू लागला, तर मात्र कारण शोधावे लागते. रक्तदाब वाढणे, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, बरगडीखाली उजवीकडे दुखणे, हिरड्यांतून रक्त, अंगावर निळे डाग यांपैकी काही दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यू-मलेरियाची तपासणी करावी. पपईच्या पानांच्या रसावर विसंबू नये. डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंगदुखीची गोळीही घेऊ नये.

आकडा ५० हजारांच्या वर असेल तर बाळंतपण बहुधा सुखरूप होते. कमरेत भुलीचे इंजेक्शन द्यायचे तर साधारण ७० ते ८० हजार लागतात. म्हणून हा आकडा कळा सुरू होण्याआधी कळायला हवा.

बाळंतपणानंतरच्या जास्त रक्तस्रावाचे मुख्य कारण गर्भाशय नीट न आवळणे हे असते. प्लेटलेट कमी असतील तर संकट वाढते. निफासचे दिवस मोजायला आपल्या मुलींना शिकवलेले असते, रक्त किती जाते हे पाहायला नाही. तासाभरात पॅड भिजले, मोठ्या गाठी पडल्या, चक्कर आली, तर "जाऊ दे, घाण निघते" म्हणत बसू नका. १०८ ला फोन करा. रक्त थांबवणारे ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड पहिल्या तीन तासांतच उपयोगी पडते.

प्लेटलेटची पिशवी पाचच दिवस टिकते, त्यामुळे ती सगळीकडे तयार नसते. पेणहून अलिबागचे जिल्हा रुग्णालय सुमारे ३० किलोमीटर, रोह्याहून आणखी लांब. आकडा कमी असेल तर बाळंतपण कुठे करायचे हे आठव्या महिन्यातच ठरवावे. सरकारी रुग्णालयात गरोदर बाईला तपासणी, रक्त आणि वाहन मोफत मिळते. दर महिन्याच्या ९ तारखेला तज्ज्ञांकडून तपासणी होते.

अब्बा, भाई, दुल्हेमियाँ यांनी आपले रक्तगट फायलीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. दुआ तर आपण करतोच. दुआबरोबर तयारीही असू द्यावी.