विश्लेषण : जुन्या कनूला शीड लावता येते का? कोकणातली ‘उलांडी’ काय शिकवते?

खेड तालुक्यात भीमेवर चासकमान आणि भामा नदीवर भामा आसखेड अशी दोन मोठी धरणे आहेत. शेजारच्या चाकण, भोसरी पट्ट्यात पीव्हीसी पाइप, ॲल्युमिनियमच्या नळ्या, ताडपत्री असे साहित्य सहज मिळते. त्यामुळे वापरलेली कनू, म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती असलेली अरुंद होडी, हाती आली की तिला शीड लावून वाऱ्यावर चालवण्याची कल्पना कुणालाही सुचू शकते. डोलकाठी उभी करून शीड बांधणे अवघड नाही. अवघड आहे ते होडी उलटू न देणे. कोकणच्या मच्छीमारांनी हा प्रश्न कसा सोडवला आणि त्यातून काय घेता येईल, ते पाहू.

कनूला थेट शीड लावले तर काय होते?

वल्ह्याने चालणारी कनू साधारण ८० ते ९० सेंटीमीटर रुंद असते. तिचा अरुंदपणा वल्हवताना फायद्याचा ठरतो, पण शीड लावले की तोच अडचणीचा होतो. वारा शिडाला ढकलतो आणि पाणी तळाला धरून ठेवते, त्यामुळे होडी कलंडू लागते.

अंदाजासाठी ४ चौरस मीटरचे छोटे शीड धरू. ताशी १८ किमी वेगाच्या वाऱ्यात त्यावर सुमारे ७ किलोचा जोर येतो. हा जोर पाण्यापासून साधारण १.७ मीटर उंचीवर लागतो. म्हणजे होडी उलटवणारा परिणाम ७ गुणिले १.७, सुमारे १२. समोर ७० किलोचा माणूस ३० सेंटीमीटर बाजूला सरकून बसला, तर सावरणारा परिणाम २१ होतो. इथपर्यंत सगळे ठीक.

मात्र वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. ताशी ३६ किमीचा झोत आला तर तोच आकडा १२ वरून सुमारे ५० वर जातो. माणसाचे २१ तिथे पुरत नाहीत आणि होडी काही क्षणांत उलटते.

उलांडी म्हणजे काय?

होडीपासून काही अंतरावर, तिला समांतर तरंगणारा लाकडी ओंडका आणि त्याला होडीशी जोडणारे दोन आडवे दांडे, या जोडणीला कोकणात उलांडी म्हणतात. होडी कलू लागली की ओंडका पाण्यात दाबला जातो आणि पाणी त्याला वर ढकलते. होडीची रुंदी न वाढवता तिला रुंद पाया मिळतो.

ही रचना आग्नेय आशिया आणि प्रशांत महासागरातील बेटांवरही आढळते. भारतीय होड्यांचे अभ्यासक जेम्स हॉर्नेल यांनी १९२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कोकण किनाऱ्यावरच्या एका उलांडीच्या होड्यांची नोंद केली आहे. पूर्वी अशा होडीचा तळ आंब्याचे खोड कोरून करत. आता अनेक ठिकाणी लाकडाची जागा फायबरने आणि शिडाची जागा इंजिनाने घेतली. उलांडी मात्र राहिली.

उलांडी एका बाजूला हवी की दोन्ही बाजूंना?

एकच उलांडी असेल तर वारा कुठून येतो याला महत्त्व येते. वारा होडीच्या बाजूने आला तर उलांडी पाण्यात दाबली जाते आणि तिची तरंगण्याची ताकद कामी येते. वारा उलांडीच्या बाजूने आला तर ती वर उचलली जाते. मग केवळ तिचे वजन होडीला सावरते.

श्रीलंकेच्या ‘ओरुवा’ होडीत उलांडी कायम वाऱ्याच्या बाजूला ठेवतात. दिशा बदलायची तर होडी वळवत नाहीत. शीड फिरवून मागचे टोक पुढचे करतात. जोर वाढला की खलाशी दांड्यांवर जाऊन बसतात. हे कसब सरावाने येते.

धरणाच्या पाण्यात वारा सतत दिशा बदलतो. त्यामुळे नवख्यांसाठी दोन्ही बाजूंना तरंगते बसवणे अधिक सुरक्षित. ती पाण्याच्या किंचित वर ठेवावीत. म्हणजे एका वेळी एकच पाण्याला टेकते आणि होडीचा वेग कमी होत नाही.

तरंगत्याचा आकार किती असावा?

१६० मिमी व्यासाचा २.५ मीटर लांबीचा पीव्हीसी पाइप दोन्ही टोकांना हवाबंद केला तर तो सुमारे ५० लिटर पाणी बाजूला सारतो. पाइपचे स्वतःचे वजन वजा केले तरी ४० किलोहून अधिक उचल मिळते. तो होडीच्या मध्यापासून १.५ मीटर दूर असेल, तर सावरणारा परिणाम ४० गुणिले १.५, म्हणजे ६० होतो. वरच्या झोताचा आकडा ५० होता. म्हणजे माणूस जागेवरून हलला नाही तरी होडी टिकते. पाइपमध्ये फोमचे तुकडे भरले तर भेग पडल्यावरही तो पूर्ण बुडत नाही.

जुनी कनू घेताना काय तपासावे?

होडी सावलीत ठेवून आत पाणी भरावे आणि बाहेरून गळती पाहावी. फायबरची असेल तर तळ अंगठ्याने दाबून बघावा. मऊ लागला तर आतले थर सुटलेले असू शकतात. फायबरची दुरुस्ती रेझिन आणि काचकापडाने होते. पॉलिथिनच्या प्लास्टिकला मात्र रेझिन नीट चिकटत नाही. अशा होडीवर सगळी जोडणी दोरीने किंवा मागे पट्टी देऊन बोल्टने करावी लागते.

जोडणी कशी करावी?

आडव्या दांड्यांसाठी ५० मिमी व्यासाच्या, ३ मिमी जाडीच्या दोन ॲल्युमिनियम नळ्या या आकाराच्या होडीला पुरतात. नळ्या होडीच्या काठाला भोक पाडून कसण्याऐवजी घट्ट दोरीने बांधाव्यात. कोकणातही दांडे दोरीनेच बांधत. लाटेबरोबर दोरी थोडी लवते आणि ताण एकाच भोकाभोवती साचत नाही.

डोलकाठीला दोन आधार हवेत : तळाशी खाचेचा ठोकळा आणि वर काठाच्या पातळीला आडवी फळी. होडी वाऱ्याबरोबर आडवी घसरू नये म्हणून एका बाजूला पाण्यात उतरणारी उभी फळी लागते. दिशेसाठी मागे सुकाणू किंवा रुंद वल्हे चालते. शिडाची दोरी कधीही पक्की बांधू नये, हातातच ठेवावी. झोत आला की ती सोडणे हा पहिला उपाय असतो.

याआधी कुणी जुन्या कनूला शीड लावले आहे का?

सर्वात गाजलेले उदाहरण कॅनडातील आहे. कॅप्टन जॉन व्हॉस यांनी तिथल्या आदिवासींची, एका लाकडातून कोरलेली सुमारे ३८ फुटांची जुनी कनू विकत घेतली. तिच्या बाजू उंच केल्या, तीन डोलकाठ्या बसवल्या आणि ‘टिलिकम’ असे नाव दिले. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया शहरातून निघालेली ही होडी १९०४ मध्ये इंग्लंडला पोहोचली. व्हॉस यांनी उलांडी लावली नाही. त्यांनी तळाला कणा जोडला आणि तळाशी वजन भरले. मात्र वजन वाढले की होडी पाण्यात खोल बसते. तलावातल्या छोट्या, हलक्या कनूला हा उपाय फारसा सोयीचा नाही.

चासकमानमध्ये अशी होडी चालवता येईल का?

परवानगीशिवाय नाही. धरणाचा जलाशय जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येतो आणि होडी उतरवण्याआधी त्यांची संमती घ्यावी लागते. याशिवाय २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यात इंजिन नसलेल्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थेकडे करण्याची तरतूद आहे.

दुसरा प्रश्न वाऱ्याचा. डोंगरांमधल्या जलाशयावर वारा एकसारखा वाहत नाही, झोतांनी येतो. एप्रिल-मेमधील वळवाच्या पावसाआधी तर शांत पाण्यावर काही मिनिटांत सोसाट्याचा वारा सुटतो. आकाशात काळे ढग दिसले की पाण्यात उतरू नये आणि आधीच पाण्यात असल्यास शीड उतरवून काठ गाठावा.

पहिली चाचणी शिडाशिवाय, छातीइतक्या पाण्यात घ्यावी. लाइफ जॅकेट घालून होडी मुद्दाम कलवावी, ती किती सावरते ते पाहावे आणि उलटलीच तर पुन्हा सरळ करून आत चढता येते का, याचा सराव करावा. हे जमल्यावरच शीड लावावे.