चिखलाचा हिशेब

साठी उलटल्यावर मी सेंच्युरियन रणगाड्याची १:३५ प्रमाणातली प्रतिकृती जोडायला घेतली. हिरवा रंग झकास बसला. पण दिसायला ते खेळणेच! मग तो रणगाडा जुना करण्याचा उद्योग आरंभला. काळपट तपकिरी रंग पातळ करून खाचांत सोडायचा आणि वरचा पुसून घ्यायचा. कुंचला कागदावर जवळजवळ कोरडा करून फिकट रंग फक्त कडांवरून फिरवायचा.

नवशिक्याच्या उत्साहात मी सगळीकडे गंज चढवला. नातू म्हणाला, "आजोबा, हा तर भंगारातला झाला!" खरेच होते. वापरातल्या रणगाड्याचा सायलेन्सर गंजतो. साखळीपट्टे मात्र जमिनीवर घासून चकाकतात, चिखल खालच्या अंगाला बसतो. बँकेत व्हाउचरशिवाय नोंद नसे. इथेही प्रत्येक डागाला कारण हवे. गंज पुसला, पुन्हा रंगवले.

"आणि गोळा लागल्याची खूण?" नातवाने विचारले. कुंचला थबकला. १६ डिसेंबर १९७१ रोजी बसंतरच्या लढाईत 'पूना हॉर्स'चे सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल अशाच सेंच्युरियनमध्ये लढता लढता धारातीर्थी पडले. मरणोत्तर परमवीरचक्र. वय अवघे २१.

अकरा वर्षांच्या नातवाने बोटांवर हिशेब केला. "माझ्याहून फक्त दहा वर्षांनी मोठे?"

ती खूण आम्ही काढली नाही.